बारा तासांच्या हजेऱ्या किती?

२०१८ साली नॅशनल हायवेच्या एका उड्डाणपुलावर मी टाइमकीपर होतो. काम काय, तर दोन वह्या लिहायच्या. कच्च्या वहीत खरी वेळ: सकाळी सात ते रात्री आठ, मधे तासभर जेवण. पक्क्या मस्टरवर आठ तास, आणि महिन्याअखेर त्यावर अंगठे. शाई लवकर सुकावी म्हणून मी वर चिमूटभर सिमेंट भुरभुरायचो, इतका त्यात तरबेज झालो होतो.

मजुरी पाचशे रुपये रोज. सरकारी दरापेक्षा जास्तच देतो, असं पोटठेकेदार छातीठोकपणे सांगायचा आणि आम्हा सगळ्यांना ते खरं वाटायचं. दिवाळीच्या तोंडावर सळई बांधणाऱ्या गँगचा हिशोब अडला. खर्ची, म्हणजे मधेमधे घेतलेली उचल, वजा जाऊन हातात काहीच येईना. तेव्हा नांदेडकडच्या एका फिटरनं मला बाजूला घेतलं. "भाऊ, तुमच्या त्या खऱ्या वहीत आमचे तास किती हायत?"

ती वही घेऊन आम्ही कामगार कार्यालयात गेलो. तिथं कळलं, हायवेचं काम केंद्राच्या अखत्यारीत, तक्रार केंद्रीय श्रम आयुक्तांकडे. एक दिवसाची मजुरी गेली. मग युनियनमधल्या एका काकांनी कागदावर गणित मांडून दाखवलं. आठवड्याचे ४८ तास साधे, त्यावरचे दुप्पट दराने. आमचे आठवड्याला ७२. म्हणजे जादा २४ तासांचे ४८ धरायचे, एकूण ९६. आठवड्याच्या ३,००० रुपयांना ९६ ने भागलं तर तासाला ३१ रुपये २५ पैसे. आठ तासांचे अडीचशे! आणि केंद्राने जानेवारी २०१७ मध्ये बांधकामातल्या अकुशल मजुराचा दर अगदी सगळ्यात कमी दराच्या 'क' वर्गातल्या भागातही ३५० केला होता, वर महागाई भत्ता वेगळा. फिटरचा तर त्याहून जास्त. काकांनी कमीत कमी ३५० धरून, म्हणजे तासाला साडेबारा रुपये कमी, गुणिले ९६, असा माणशी आठवड्याचा फरक काढला: १,२००.

मुकादम माणशी रोजचे तीस कापायचा, ते या हिशोबात नव्हतंच. ते ऐकून काका हसले. दिल्लीत १९८२ च्या एशियाडची कामं चालू असताना मजुराचा रोज ९ रुपये २५ पैसे होता आणि त्यातला एक रुपया जमादार खायचा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं ही वेठबिगारी ठरली. "तुमचा मुकादम महागाईप्रमाणं वाढलाय, एवढंच," काका म्हणाले.

दावा तेव्हा सहा महिन्यांच्या आत लावावा लागायचा. आमचे सोळा आठवडे मुदतीत बसत होते. सगळ्यांचा मिळून एकच अर्ज चालतो, हे बरं होतं. पण तेवीस जणांतले चौदा तोवर झारखंडला नाहीतर दुसऱ्या साइटवर निघून गेले होते. फोनवर म्हणायचे, "भैया, आप देख लो." त्यांच्या सह्या कुठून आणायच्या? अर्ज नऊ जणांचाच लागला.

पहिल्या तारखेला ठेकेदाराच्या वकिलानं पक्कं मस्टर पुढं केलं. आठ तास, अंगठे, सगळं जागच्या जागी. मग मला विचारलं, हे अक्षर कुणाचं? माझंच. आणि कच्च्या वहीतलं? तेही माझंच. मान वर करून ते सांगायला किती जड गेलं, काय सांगू. पण सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी कच्च्या वहीचं एक पान बारकाईनं पाहिलं. एका ओळीत मी रात्री स्लॅब ओतल्याची वेळ आणि मिक्सर गाड्यांचे नंबर टिपले होते. तेच नंबर, त्याच वेळा काँक्रीटच्या चलनांवर निघाल्या. ठेकेदाराच्या म्हणण्याप्रमाणं तर आठ तास भरले की साइटवर कुणी नसायचं!

पोटठेकेदार पुढच्या तारखांना फिरकलाच नाही. पण तेव्हा लागू असलेल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याप्रमाणे ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती मूळ मालकावर, म्हणजे त्याला काम देणाऱ्यावर, यायची. त्यांच्याकडे पोटठेकेदाराचं बिल अडकलेलं होतं. तिकडं नोटीस गेल्यावर चक्रं फिरली. १९,२०० च्या जागी माणशी ११,००० वर तडजोड झाली. कायद्यात फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाई आहे, पण त्यासाठी आणखी वर्षभर तारखा करायला कुणाची तयारी नव्हती. मला वाटतं अडून बसायला हवं होतं. पण मी बोलून काय उपयोग, पैसे त्यांचे होते.

सात जणांच्या खात्यात पैसे आले. एकाचं आधारवरचं नाव जुळेना, त्याच्यासाठी तीन फेऱ्या झाल्या. नववा, ज्यानं मला पहिल्यांदा बाजूला घेतलं तो फिटर, त्याचा फोन अजून लागत नाही. त्याचा धनादेश काकांच्या कपाटात पडून पडून मुदतबाह्य झाला.