जर्नेल सिंगचं नाव आधी घ्या, मग बाकीचे

भारताच्या फुटबॉल टीममधला आजवरचा सगळ्यात भारी प्लेअर कोण, हा वाद आमच्याकडं सांगलीत रविवारी टर्फवर खेळून झालं की हमखास सुरू होतो, आणि बहुतेक वेळा तो सुनील छेत्री या एका नावावर सुरू होऊन त्याच नावावर संपवायची घाई असते. मला ते अजिबात पटत नाही. चहाच्या गाड्यावर कुणी कुणाला वाक्य पूर्ण करू देत नाही म्हणून इथं सगळं सलग लिहून टाकतोय, कारण हा विषय माझ्यासाठी टाइमपासचा नाही, मनापासूनचा आहे.

मंडळी कोण ते आधी सांगतो. माझा धाकटा चुलतभाऊ, कॉलेजला आहे, तो छेत्रीचा कट्टर. मिरजेचे एक काका आहेत, रेल्वेतनं रिटायर झालेत, गुडघ्यामुळं आता खेळत नाहीत पण लाइनीवर उभं राहून सगळ्यांना ओरडत असतात, त्यांचा देव म्हणजे पी. के. बॅनर्जी. एक दोस्त शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळची मॅच असली की कामधंदा सोडून कोल्हापूर गाठणारा, तो आय. एम. विजयनचा. आणि मी साठच्या दशकातल्या डिफेंडरचा, जर्नेल सिंगचा, एकटाच.

आधी छेत्रीचं, कारण त्याचं मोठेपण नाकारून कुठलीच चर्चा होऊ शकत नाही. 2005 ला क्वेट्ट्यात पाकिस्तानविरुद्ध पहिली मॅच, पहिल्याच मॅचला गोल. 2008 ला दिल्लीत आंबेडकर स्टेडियमवर एएफसी चॅलेंज कपची फायनल, समोर ताजिकिस्तान, 4-1 नं जिंकलो आणि त्यातले तीन गोल छेत्रीचे. त्या एका मॅचमुळं आपण 2011 च्या आशियाई कपला गेलो, 1984 नंतर पहिल्यांदा. म्हणजे एक अख्खी पिढी आशियाई कप न बघताच मोठी झाली होती, आणि ते दार ह्या माणसानं उघडलं. 2018 ला मुंबईत चायनीज तैपेईविरुद्ध त्यानं हॅटट्रिक मारली तेव्हा स्टेडियम जवळपास रिकामं होतं, मग त्यानं व्हिडिओ करून हात जोडून सांगितलं की या, आम्हाला शिव्या द्या पण स्टेडियममध्ये येऊन द्या, आणि पुढच्या केनियाच्या मॅचला, जी त्याची शंभरावी होती, अंधेरीचं स्टेडियम फुल्ल. मी तो व्हिडिओ आजही बघतो आणि आजही घसा दाटतो. 95 गोल, दीडशेच्या वर मॅच, आणि बरीच वर्षं तर असं होतं की टीममध्ये गोल मारणारा माणूस म्हणजे तोच, तो नाही तर कोण या प्रश्नाला उत्तरच नव्हतं.

पण चुलतभाऊ जेव्हा फक्त 95 हा आकडा टेबलावर आपटतो तेव्हा मी त्याला थांबवतो. अरे बघ की, पन्नास-साठच्या दशकात आपली टीम वर्षाला मॅच किती खेळायची? ऑलिम्पिक, एशियन गेम्स, मलेशियातला मर्डेका कप, मधे एखादा दौरा, संपलं. तेव्हा ना दक्षिण आशियाई देशांचा सॅफ कप होता, ना फिफाच्या तारखा बघून ठरवलेल्या फ्रेंडली मॅच. त्या काळातला प्लेअर पंचवीस-तीस मॅच खेळला तरी खूप झालं. मग पीके आणि छेत्रीचे गोल एकाच तागडीत घालून कसे मोजायचे? आकडा बघायचाच असेल तर गोल कुणाला मारला आणि कधी मारला ते बघावं लागतं. पीकेनं 1960 ला रोम ऑलिम्पिकमध्ये कॅप्टन म्हणून फ्रान्सला गोल मारला आणि मॅच 1-1 सुटली. त्याच स्पर्धेत हंगेरीविरुद्ध आपण 2-1 नं हरलो, तो आपला एक गोल तुळसीदास बलरामचा. हंगेरी म्हणजे त्या काळातली बलाढ्य हंगेरी, गंमत नाही.

पीकेबद्दल आमचे काका बोलायला लागले की मधे बोलायचं नाही असा अलिखित नियम आहे. कारण काय, तर पीके शेवटपर्यंत ईस्टर्न रेल्वेकडून खेळला. कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे दोन बडे क्लब सोडून तिसऱ्या टीममध्ये राहणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट, आणि त्या ईस्टर्न रेल्वेनं 1958 ची कलकत्ता लीग जिंकली. काका हे सांगताना छाती अशी काढतात की ती लीग मिरज जंक्शननंच जिंकली असावी. "आपला माणूस हाय तो, ड्युटी करून खेळलाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला काकांचा हा अभिमान फार आवडतो. मिरजेत फुटबॉल रुजला त्यात रेल्वेवाल्यांचा वाटा मोठा आहे असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात, त्यामुळं पीकेचं नाव त्यांच्या तोंडी एखाद्या घरच्या माणसासारखं येतं.

चुनी गोस्वामीचं नाव निघालं की क्रिकेटवाले पण कान टवकारतात, आणि सांगली शेवटी विजय हजारेंचं आणि स्मृती मानधनाचं गाव, क्रिकेटवाल्यांना तोटा नाही. फुटबॉलमध्ये देशाला सोनं जिंकून देणारा कॅप्टन, ऐन भरात असताना सत्ताविशीच्या आसपास इंटरनॅशनल फुटबॉल सोडतो आणि पुढं बंगालचा कॅप्टन म्हणून रणजीची फायनल खेळतो, 1971-72 ला, मुंबईविरुद्ध. असा माणूस परत होणार नाही. क्लब म्हणाल तर आयुष्यभर एकच, मोहन बागान. ड्रिब्लिंगबद्दल ज्यांनी बघितलंय ते जे बोलतात ते ऐकून जीव जळतो, कारण बघायला रेकॉर्डिंग जवळजवळ काही नाही. यूट्यूबवर तासन्‌तास शोधा, हाती काय लागणार तर काही सेकंदांचे धूसर तुकडे.

दोस्ताच्या विजयनबद्दल मी वाद घालत नाही. त्रिशूरच्या स्टेडियममध्ये सोडा विकणारा पोरगा देशाचा कॅप्टन होतो, 1999 ला भूतानविरुद्ध बाराव्या सेकंदाला गोल मारतो, यापुढं काय बोलणार. पण त्याच्या काळात टीम म्हणून आपण आशियात कुठं होतो हेही बघायला लागतं. बायचुंग भुतियाचंही तेच, इंग्लंडमध्ये 'बरी' (Bury) नावाच्या क्लबकडून खेळून आला, रस्ता दाखवला, मान आहेच.

नेव्हिल डिसोझाचं नाव मात्र मी मुद्दाम घेतो कारण आपल्या महाराष्ट्रातच ते कुणी घेत नाही. मुंबईचा पोरगा. 1956 ची मेलबर्न ऑलिम्पिक, यजमान ऑस्ट्रेलिया समोर, त्यांच्याच मैदानावर, त्यांच्याच लोकांसमोर, 4-2 नं हरवलं आणि त्यात नेव्हिलची हॅटट्रिक. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक मारणारा पहिला आशियाई. आपण त्या वर्षी चौथे आलो. ऑलिम्पिकमध्ये चौथे! हे वाक्य मी कुठल्याही शाळेतल्या पोराला सांगितलं की तो माझ्याकडं संशयानं बघतो. मुंबईत, कोल्हापुरात, मिरजेत, कुठंतरी एका तरी मैदानाला त्या माणसाचं नाव असायला पाहिजे असं मला फार वाटतं.

आणि बलराम. तुळसीदास बलराम, सिकंदराबादचा. छेत्रीचा जन्म पण सिकंदराबादचाच, हा योगायोग मला फार भावतो. चुनी-पीके-बलराम हे त्रिकूट म्हणून नाव घेतात आणि मग पहिल्या दोघांबद्दलच बोलतात. आजारपणामुळं बिचाऱ्याला लवकर खेळ सोडावा लागला, पद्म पुरस्कार नाही, गाजावाजा नाही, 2023 ला गेला तेव्हा आपल्याकडच्या पेपरात कोपऱ्यात बातमी. बलराम खरं तर तिघांत सगळ्यात पूर्ण प्लेअर होता असं म्हणणारे जुने जाणकार आहेत आणि मला त्यांचं पटतं.

तरी माझं पहिलं नाव जर्नेल सिंग. आता कारण ऐका.

1962, जकार्ता, एशियन गेम्स. पहिलीच मॅच दक्षिण कोरियाविरुद्ध आणि आपण 2-0 नं हरलो. पुढं थायलंडला हरवलं पण त्या मॅचमध्ये जर्नेलचं डोकं फुटलं, टाके पडले. जर्नेल म्हणजे आपल्या बचावाचा खांब, स्टॉपर, त्याला चुकवून पुढं जाणं म्हणजे फॉरवर्ड लोकांचं पायात गोळे आणणारं काम. तो नाही तर मागं कोण? जपानला त्याच्याशिवाय हरवलं. सेमीफायनलला समोर दक्षिण व्हिएतनाम. कोच सय्यद अब्दुल रहीम, ज्यांना स्वतःला कॅन्सर होता, ह्या माणसानं काय करावं? डोक्याला पट्टी बांधलेल्या डिफेंडरला त्यांनी सेंटर फॉरवर्डला खेळवलं. कॉलेजच्या दिवसांत जर्नेल पुढं खेळायचा हे रहीमसाहेबांच्या डोक्यात पक्कं होतं. आणि जर्नेलनं गोल मारला, चुनीनं दोन, 3-2 नं आपण फायनलला.

4 सप्टेंबर 1962. फायनलला परत तेच कोरियावाले. स्टेडियममध्ये लाखाच्या आसपास लोक आणि जवळपास सगळे आपल्या विरोधात, कारण इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानला स्पर्धेत येऊ दिलं नव्हतं, त्यावर भारताचे क्रीडा संघटक जी. डी. सोंधी यांनी आवाज उठवला होता आणि त्याचा राग आपल्या खेळाडूंवर निघत होता. राष्ट्रगीत चालू असताना सुद्धा हुर्यो. त्या गोंगाटात पीकेनं पहिला गोल मारला आणि थोड्याच वेळात दुसरा जर्नेलनं. कोरियानं शेवटी शेवटी एक फेडला पण 2-1, सोनं आपलं. त्यानंतर आजपर्यंत एशियन गेम्सच्या फुटबॉलमध्ये आपल्याला सोनं मिळालेलं नाही, 1970 ला ब्राँझ मिळालं तेवढंच. रहीमसाहेब पुढच्या वर्षी जूनमध्ये गेले.

आता जरा डोळे मिटून विचार करा. डोक्यात टाके आहेत. फुटबॉल हा डोक्यानं पण खेळायचा खेळ आहे, प्रत्येक क्रॉसला उडी मारायची, समोरचा सेंटर हाफ कोपर घेऊन तयारच आहे. जागा पण आपली नेहमीची नाही. सबस्टिट्यूट आणायची सोय तेव्हा नाही, म्हणजे पडलास तर टीम दहावर. आणि तू सेमीफायनलला गोल मारतोस, फायनलला गोल मारतोस. मला सांगा, आपल्या टीमच्या अख्ख्या इतिहासात गरज असेल तिथं उभं राहून काम करून दाखवणारा यापेक्षा मोठा माणूस कुठला?

चुलतभाऊ म्हणतो, "दादा, दोन मॅचवर तू कुणाला एक नंबर करतोयस, छेत्रीनं वीस वर्षं टीम ओढलीय." मुद्दा बरोबर आहे, पण जर्नेल दोन मॅचचा नव्हता. 1960 च्या ऑलिम्पिकमध्ये होता, 1964 च्या आशियाई कपला आपण दुसरे आलो त्या टीममध्ये होता, नंतर देशाचा कॅप्टन झाला, आणि एशियन ऑल स्टार टीमचा कॅप्टनपण झाला. म्हणजे अख्ख्या आशियानं मानलेलं होतं की हा आमच्या खंडातला सगळ्यात भरवशाचा डिफेंडर आहे. फाळणीत पलीकडून निर्वासित होऊन आलेलं पोरगं, तिथनं हे. छेत्री हा आपला सगळ्यात मोठा स्ट्रायकर, यात मला शंका नाही. सगळ्यात मोठा प्लेअर म्हणताना मी जर्नेल म्हणतो. डिफेंडरचं काम गोलच्या यादीत दिसत नाही म्हणून ते कमी होत नाही, आमच्या टर्फवर सुद्धा मागं खेळायला कुणी तयार नसतं आणि हरलो की सगळे मागं बघतात.

एक गोष्ट आम्ही सगळेच विसरत होतो ती माझ्या बहिणीनं काढली, की पोरींची टीम ही टीम नाही का? बेमबेम देवी, बाला देवी, ही नावं चहाच्या गाड्यावर कधी येतच नाहीत. बाला देवी स्कॉटलंडला रेंजर्सकडून खेळून आली. 2025 ला थायलंडला त्यांच्याच घरी 2-1 नं हरवून पोरींनी आशियाई कप गाठला, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. मानधनाचं पोस्टर दुकानात लावणाऱ्या गावानं हे माहीत करून घ्यावंच. त्यांच्यावर वेगळं लिहिणार आहे, इथं दोन ओळीत उरकायचा विषय नाही तो.

राहता राहिली माझी टीम. गोलला पीटर थंगराज, सव्वासहा फुटी माणूस, तापातनं उठून जकार्ताची फायनल खेळला, त्याच्यापुढं अलीकडच्या गोलकीपर गुरप्रीतला थोडं थांबावं लागेल. मागं जर्नेल आणि अरुण घोष. उजवीकडं पीके, डावीकडं बलराम, यावर काकांसकट सगळ्यांचं एकमत आहे. अडलंय ते पुढं, कारण छेत्री, नेव्हिल आणि चुनी यांच्यात जागा दोनच. चुलतभाऊ म्हणतो नेव्हिलला बसव, काका म्हणतात छेत्रीला बसव, आणि काका-पुतण्याची मागच्या रविवारी यावरनं चांगलीच जुंपली. "काका, असं कसं म्हणताय वो, 95 गोल हायत," हे म्हणताना पोरगं लालेलाल झालं होतं. माझ्यापुरतं मी ठरवून टाकलंय, वर छेत्री, त्याच्या जरा मागं चुनी, आणि नेव्हिल दुसऱ्या हाफला उतरणार. कॅप्टन चुनीच, 62 ला होता तसा.