क्रेडिट हिस्टरी कमी असताना दुसरं क्रेडिट कार्ड: माझा अनुभव

पहिल्या कार्डापेक्षा दुसरं कार्ड मिळवताना मला जास्त खटपट करावी लागली. पहिलं एफडीवरचं होतं. बँकेत २५ हजारांची एफडी ठेवली, बँकेने त्यावर लिएन टाकला, म्हणजे कार्ड चालू आहे तोवर ती मोडता येत नाही, आणि २० हजार लिमिटचं कार्ड दिलं, पगाराची स्लिप नको की काही नको. मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघते, पगार दर महिन्याला खात्यात येतो, तरी तेव्हा सिबिल, म्हणजे क्रेडिट स्कोअर, बघितला तर आकडाच नाही, नुसतं एनएच, म्हणजे नो हिस्टरी, कर्ज किंवा कार्ड फेडल्याची नोंदच नाही.

हे मला तेव्हा लागलं होतं आणि अजूनही लागतं. आमची भिशी कित्येक वर्षं चालू आहे, घरात तंगी होती त्या महिन्यातही भिशीचे पैसे आधी गेलेत, कारण त्या पैशांवर कोणाच्या तरी मुलाची फी नाहीतर कोणाचं ऑपरेशन अडलेलं असतं. सासऱ्यांनी पतसंस्थेतून कर्ज काढून वरचा मजला बांधला, मी जामीनदार होते, एकही हप्ता चुकला नाही. लाइट बिल, घरपट्टी सगळं वेळेत. यातलं काहीही माझ्या क्रेडिट रिपोर्टमध्ये नाही. तिथे फक्त बँका आणि फायनान्स कंपन्या जे कळवतात तेवढंच दिसतं, त्यामुळे आपल्यासारख्या घरातली बाई कितीही चोख असली तरी कागदावर कोरीच.

दुसरं कार्ड हवं होतं ते आईच्या मेडिक्लेममुळे. प्रीमियम १७ हजारांच्या वर जातो. तो २० हजारांच्या कार्डावर टाकला की लिमिट जवळपास संपतं, आणि मी ड्यू डेटच्या आधी पूर्ण भरूनसुद्धा तोवर तयार झालेला स्कोअर खाली आला. मग नीट समजून घेतलं, तर बँक कळवते ती त्या वेळची बाकी, आणि ती बहुतेक वेळा स्टेटमेंटवरचीच, म्हणजे महिन्याच्या बिलावरचीच असते. तुम्ही नंतर चार दिवसांत भरलं तरी तेवढ्या काळापुरतं चित्र असं दिसतं की या बाईने लिमिटचा ८५ टक्क्यांवर भाग वापरलाय. साधारण ३० टक्क्यांच्या आत ठेवा असं सगळे सांगतात, २० हजारांवर ३० टक्के म्हणजे ६ हजार, त्यात घरचा किराणा तरी बसतो का?

एका बँकेत ऑनलाइन अर्ज टाकला. मेसेज आला, आमच्या अंतर्गत धोरणानुसार अर्ज मंजूर करता येत नाही. बस. ऑफिसमधले म्हणाले, मॅडम लगेच दुसरीकडे टाका, चार ठिकाणी टाकलं की एक तरी लागतंच. मी ते केलं नाही आणि तुम्हीही करू नका, अगदी कळकळीने सांगते. प्रत्येक अर्जाची एन्क्वायरी, म्हणजे बँकेने तुमचा रिपोर्ट तपासल्याची नोंद, रिपोर्टमध्ये राहते, बँकेचं नाव, तारीख सगळं, आणि आधीच हिस्टरी कमी असलेल्या माणसाच्या नावावर लागोपाठ एन्क्वायऱ्या दिसल्या की पुढच्या बँकेला वाटतं याला पैशाची फार नड आहे.

त्याऐवजी मी बँकेला मेल केला. आरबीआयच्या क्रेडिट कार्डाच्या नियमांत आहे की अर्ज नाकारला तर कारण लेखी कळवायला हवं. मेल साधाच होता, अर्ज क्रमांक, तारीख आणि 'नाकारण्याचं नेमकं कारण लेखी कळवावे'. पहिल्यांदा तेच ठरलेलं उत्तर आलं, पुन्हा लिहिलं, तेव्हा दोन कारणं कळली. एक, हिस्टरी अपुरी. दुसरं, नाव जुळत नाही.

हे दुसरं कारण बायकांनी नीट वाचा. आपल्याकडे लग्न झालं की बाईचं मधलं नाव जातं आणि आडनावही जातं, म्हणजे वडिलांच्या जागी नवरा आणि आडनाव सासरचं. माझ्या पॅनवर माहेरचं पूर्ण नाव, आधारवर सासरचं. तीन शब्दांपैकी जुळणारा एकच, माझं स्वतःचं नाव. आणि त्या नावाच्या नाशिकमध्येच कितीतरी बायका असतील! रिपोर्टमध्ये पत्ताही धुळ्याचा, माहेरचा.

रिपोर्ट फुकट मिळतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या चार कंपन्या आहेत, प्रत्येकीकडून कॅलेंडर वर्षात एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत. स्वतःचा स्वतः बघितला तर स्कोअर कमी होत नाही. चारही काढले, ओळ न ओळ वाचली.

मग महापालिकेतून मॅरेज सर्टिफिकेट काढलं होतं ते शोधलं आणि पॅनवर नाव बदलायचा अर्ज केला. नाव बदललं तरी पॅन नंबर तोच राहतो, त्यामुळे आतापर्यंतची हिस्टरी कुठे जात नाही, मला तीच धास्ती होती. नवीन पॅन आलं तसं एफडीच्या आणि पगाराच्या अशा दोन्ही बँकांत केवायसी अपडेट केलं. मधले काही महिने एफडीवालं कार्ड जपून वापरलं, स्टेटमेंट बनायच्या आधीच बरीचशी रक्कम भरून टाकायची, म्हणजे बाकी कमी दिसते. २०२५ पासून बँका किमान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवतात, त्यामुळे बदल पूर्वीपेक्षा लवकर दिसतो.

पगार जिथे येतो त्या बँकेच्या ॲपमध्ये एक दिवस ऑफर दिसली, रुपे कार्ड, ६० हजार लिमिट. तिथे अर्ज केला कारण माझा पगार त्यांना समोरच दिसतो, वेगळं काही पटवून द्यायला नको. व्हिडिओ केवायसी जेवणाच्या सुट्टीत स्टोअर रूममध्ये बसून केलं, लोकेशन चालू, ओरिजिनल पॅन कॅमेऱ्यासमोर धरायचं, पांढऱ्या कागदावर सही. समोरच्या मुलीने पॅन बघितलं, आधारवरचं नाव बघितलं आणि म्हणाली, "नाव दोन्हीकडे सेम आहे ना मॅम, मग काही प्रॉब्लेम नाही." इतकं बरं वाटलं मला!

नवीन कार्डावर ऑनलाइन व्यवहार बंद असतात, प्रीमियम भरायचा तर ॲपमध्ये जाऊन आधी ते चालू करा. रुपे असल्याने यूपीआयला जोडता येतं, दुकानाच्या क्यूआरवर चालतं, पण भिशीचे पैसे कोणाला पाठवायला नाही चालत.

आता घरचे म्हणतात ते एफडीवालं बंद कर, २५ हजार मोकळे होतील. मी नाही म्हटलं. माझ्या रिपोर्टमधलं ते सगळ्यात जुनं खातं आहे आणि दोन्ही मिळून लिमिट ८० हजार होतं, त्यात १७ हजारांचा प्रीमियम २२ टक्क्यांच्या आत बसतो. एफडीला व्याज चालूच आहे, तेव्हा ती तशीच राहू दे. त्या कार्डावर मोबाइलचं रिचार्ज लावून ठेवलंय, ऑटो पेने पूर्ण बिल भरलं जातं.