आमची वाटचाल : ताडपत्री ते स्पोर्ट्स कार

गिऱ्हाईक दारात आलं की पहिला प्रश्न ठरलेला. "वॉटरप्रूफ आहे ना?" मी उलटा प्रश्न टाकतो, "गाडी रात्री उभी कुठं असते?" तिथंच निम्मे नाराज होतात. कव्हर घ्यायला आलोय, पत्ता सांगायला नाही, असा चेहरा. पण उघड्यावरच्या गाडीचं कव्हर शिवायचं तर आधी जागा कळायला हवी. झाड कुठलं, वारा कुठून, शेजारी बांधकाम चालू आहे का.

2004 साली नाशिकमध्ये द्वारका चौकाजवळ पत्र्याच्या दुकानात आम्ही ट्रकच्या ताडपत्र्या शिवायला लागलो. भांडवल म्हणजे एक जड जुनं मशीन, पितळी आयलेट ठोकायचा पंच आणि मामा. सख्खे नव्हेत. रिक्षाचे हूड शिवण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलेलं, सगळी लाइन त्यांना मामाच म्हणायची. भागीदारी तोंडी. संध्याकाळी गल्ला मोजायचा, निम्मा-निम्मा. मामांची बारा इंची कात्री, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, आजही कटिंग टेबलावर आहे. ती कागदाला लावलेली मामांना चालत नाही. कागदाला दुसरी.

कारचं काम आलं ते पिंपळगाव बसवंतच्या नानांमुळं. नाना द्राक्षबागायतदार, ट्रॉलीच्या ताडपत्र्या आमच्याकडून शिवायचे. 2010 मध्ये त्यांच्या मुलानं मुंबईहून सेकंड हँड पोर्शे बॉक्स्टर आणली, तेव्हाच सहा-सात वर्षं जुनी, लाल, टप कापडाचा. पॅकिंग शेड क्रेटनी भरलेली, म्हणून गाडी बाहेर कडुनिंबाखाली. नाना फोनवर म्हणाले, "भाऊ, पोरानं लाखो रुपये मोजून टपावर कापड असलेली गाडी आणलीय. आता त्या कापडावर तू कापड घाल."

ऑक्टोबर छाटणीनंतरचे फवारणीचे दिवस होते. डाऊनी या द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगासाठी बोर्डो चाललेलं, म्हणजे मोरचूद आणि चुना. ब्लोअरचा फवारा वाऱ्यानं येऊन बॉनेटवर निळसर ठिपके पडलेले. ब्राउन पेपर, मास्किंग टेप, खडू घेऊन आम्ही दोघं गेलो. गाडी इतकी बुटकी की मामा सरळ मातीत फतकल मारून बसले आणि जमिनीपासून माप घेत गेले. डावं चाक खड्ड्यात होतं, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. परिणामी डाव्या आरशाचा कप्पा एक इंच खाली आला. मूळ कागदावर तो इंच आजही तसाच आहे. आम्ही शेजारी खडूनं नवी रेघ मारून ठेवली आणि तिच्यावरूनच कापतो. हा इंच लक्षात ठेवा.

त्या गाडीनं आम्हाला धंदा शिकवला. कापडी टपाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पाणी वाहून जायची भोकं असतात. त्यात कडुनिंबाच्या काड्या अडकल्या की पाणी आत उतरतं, आणि सीटखालीच अलार्मचा कंट्रोल डबा. गालिचा ओला लागला तेव्हा हे कळलं. म्हणून मागची बाजू आम्ही खोल घेतली. पोटाखालून पट्टा दिला, बक्कल प्लास्टिकचं, कारण धातूचं हेलकावलं की रंगावर ओरखडा. कापड तीन पदरी नॉन-वोव्हन, म्हणजे न विणलेलं, मधे बारीक छिद्रांची फिल्म, आत मऊ अस्तर. पाऊस बराचसा अडतो, वाफ मात्र बाहेर पडते.

2011 ते 2017 बरी गेली. अंबडला गाळा घेतला.

2018 मध्ये आमच्याकडेच शिकलेल्या एका मुलानं वेगळं दुकान टाकलं. नाव लिहीत नाही. चंदेरी पीव्हीसी कोटिंगचं कापड, "100 टक्के वॉटरप्रूफ", भाव आमच्या निम्मा. त्याचं बॉक्स्टरचं कव्हर एकदा पाहायला मिळालं. डाव्या आरशाचा कप्पा एक इंच खाली! पठ्ठ्यानं मूळ कागद उतरवला होता, खडूची रेघ बघितलीच नव्हती. मी हसलो, पण गिऱ्हाईक त्याच्याकडंच जात होतं.

2019 च्या उन्हाळ्यात मी डगमगलो आणि त्याच कापडाचे बारा ताके उचलले. मामा ताक्यावर हात फिरवून म्हणाले, "हा रेनकोट आहे. घालून उन्हात उभा राहा, मग कळेल." दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

मग ऑगस्टमधला तो गोदेचा पूर. आठवडाभर झड, गाड्या झाकलेल्याच. पाठोपाठ कडक ऊन. कव्हरखाली कोंडलेली वाफ रंगात बसली. एका पिवळ्या टू-सीटरच्या बॉनेटवर तळहाताएवढे पांढरे डाग, दुसऱ्या गाडीच्या कापडी टपावर बुरशी. पिवळीच्या मालकानं गाडी धुऊन ओलीच झाकली होती, हे खरं. पण ताका मी आणला होता, हेही खरं. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर सगळीकडं फिरले. तेच कापड त्या मुलानं आमच्या कितीतरी पट विकलं होतं, पण त्याच्या कव्हराला लेबलच नव्हतं. आमचं नाव कोपऱ्यात लाल धाग्यानं भरलेलं, फोटोत झकास वाचता येत होतं. 31 कव्हरांचे पैसे परत केले. दोन मशीनं विकली. हप्ता तीन महिने थकला.

नाना दिवाळीआधी आले. डागांचा विषय काढलाच नाही. दोन ट्रॅक्टर, ब्लोअर आणि लाल गाडीचं नवं कव्हर, एवढी ऑर्डर लिहायला लावली. पैसे आधी ठेवले. "कापड तुझं जुनंच लाव," म्हणाले आणि चहा न घेता गेले.

आता कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. धुळीच्या गाडीवर कव्हर घालू नका. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 40-50 मायक्रॉनचा. कव्हर वाऱ्यानं फडफडलं की खालची धूळ पॉलिश पेपरचं काम करते. सायलेन्सर गार झाल्याशिवाय झाकू नका. ओली तर मुळीच नको. काढताना ओढायचं नाही, दोन्ही टोकांनी मधे दुमडत आणायचं. कव्हर धुताना कपड्यांचं सॉफ्टनर घातलंत की छिद्रं बुजली, मग आमच्याकडं भांडायला येऊ नका. आणि पावसाळ्यात उघडीप मिळाली की दोन तास गाडीला उघडं राहू द्या. शेजारी हसले तर हसू द्या.

मामांना आता सुईत दोरा दिसत नाही, पण रोज येतात, बोटांनी शिवण तपासतात. लाल गाडीचं चौथं कव्हर आम्ही यंदा दिलं.

गेल्या महिन्यात इंदिरानगरला एका बंगल्यासमोर चंदेरी कव्हर घातलेली बॉक्स्टर दिसली. मला राहवलं नाही. स्कूटर स्टँडला लावली आणि डाव्या बाजूनं जाऊन बघितलं. अजून एक इंच खालीच आहे.