चाळीची पूजा आणि खानावळवाली आजी

लालबाग म्हटलं की लोकांना गणपतीच आठवतो. गणेश गल्लीचं मंडळ 1928 चं, लालबागचा राजा 1934 चा, दोघांचाही दरारा मोठा. आमच्या चाळीत मात्र गणपतीत दारादाराला कुलपं. निम्म्याहून जास्त बिऱ्हाडं तळकोकणातली, ती चतुर्थीला गाव गाठायची म्हणजे गाठायचीच. त्यामुळे आमचा खरा सण 26 जानेवारीचा, चाळीच्या सत्यनारायणाच्या पूजेचा. आणि पूजा म्हणजे आमची आजी.

आजी मूळची कणकवलीकडची. आमच्याच खोलीत तिची खानावळ होती, गिरणीतल्या तिन्ही पाळ्यांची माणसं जेवायला यायची. मंडळाच्या कार्यकारिणीत तिचं नाव कधीच नव्हतं, अध्यक्षापासून खजिनदारापर्यंत सगळे बाप्येच. पण जानेवारी लागला की तेच खजिनदार भाताचा घास थांबवून विचारायचे, "मावशी, यंदा मखर कसला?"

मखर कागदाचं. त्याची खळ आजी स्वतः शिजवायची. रात्रीची शेवटची पंगत उठली की स्टोव्हवर खळीचं वेगळं ठेवलेलं पातेलं चढायचं. मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, मग मंद आचेवर तकाकी येईपर्यंत हलवत राहायचं. हे काम आम्हा पोरांचं. "मेल्या, ढवळ नीट. गुठळी ऱ्हवली तर कागद फुगतलो." उतरवताना मात्र आम्हाला लांब पिटाळून ती चिमूटभर मोरचूद टाकायची, म्हणजे झुरळं मखराला तोंड लावत नाहीत. मग घोटीव कागदाच्या घड्या घालून, पेन्सिलीची एक रेघही न मारता, कात्रीनं जाळी कापायची. एका वर्षी मोराचं पार बदक झालं होतं, पण ते बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती.

पूजेच्या रात्री आधी बक्षीस समारंभ (भाषणं लांबायची), मग पोरांचं नाटक. आजीला लिहिता येत नव्हतं. ती संवाद तोंडी सांगायची आणि आमच्याकडून पाठ करून घ्यायची. तिचा नियम एकच, मागेल त्याला काम. दुसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा बोलताना अडखळायचा. त्याला तिनं चोपदार केलं, शब्द एकच, "होशियाऽऽर!" पठ्ठ्यानं तो असा ठोकला की समोरच्या चाळीतली माणसं गॅलरीत आली. पुढे मंडळाच्या माइकवरून त्याला उठवणं कठीण झालं, तो भाग वेगळा.

18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. आठच दिवसांवर असलेली पूजा तरीही दणक्यात झाली. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत आहेत, महिना-दोन महिन्यांत निकाल लागेल, याच भरवशावर सगळे होते. वर्ष उलटलं, 1983 ची पूजा तोंडावर आली, संप चालूच. खानावळीतली कितीतरी माणसं गावी निघून गेलेली, त्यांची उधारी आजीच्या डोक्यात जमा. पावतीपुस्तक घेऊन वर्गणीला कुणाच्या दारात जायचं? पूजा रद्द करायची भाषा सुरू झाली. आजी सभेत कधी बसत नसे, त्या दिवशी दारात उभी राहिली. "सव्वा पाच किलोचो शिरो नको, सव्वा किलोचो करा. देवाक सव्वा कळता, किलो नाय."

पूजा झाली. शिरा तळहातावर चमचाभर आला. दरवर्षी गल्लीत पडदा लावून सिनेमा दाखवायचे, तो त्या वर्षी नव्हता. हळदीकुंकवाला द्यायला आजीनं गिरणीच्या दुकानातून कधीकाळी आणून ठेवलेल्या चिंध्यांचे बटवे शिवले. आईचा बटवा पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्याच्या कापडाचा होता, त्यात ती कित्येक वर्षं रेशनकार्डाबरोबरच्या चिठ्ठ्या ठेवायची.

संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. खानावळ पुन्हा पूर्वीसारखी भरली नाही. आजी मात्र शेवटपर्यंत जानेवारीत कात्री धार लावून आणायला सांगायची.

आता चाळीच्या जागी टॉवर आहे. पूजा तळमजल्यावर पार्किंगमध्ये होते, मखर तयार येतं, पोरांचे पोशाख भाड्याचे. मला त्यात फारसं वाईट वाटत नाही, वेळ कुणाला आहे? आजीचा नियम मात्र मंडळानं मोडलेला नाही. गेल्या खेपेला शाहिस्तेखानाचा प्रवेश होता. काम मागायला आलेल्या प्रत्येक पोराला पहारेकरी केलं, आणि लाल महालात इतकी गर्दी झाली की महाराजांना आत शिरायला वाट मिळेना.