शार्लटची मागची खोली

दर वर्षी जून उजाडला, की फोंड्याच्या आमच्या घराच्या पडवीत बारावीची आणि महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाची सात-आठ मुले इंग्रजी वाङ्मय शिकायला बसतात. त्यांतली बहुतेक चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली असतात आणि पाचवीपासून एकदम सगळेच विषय इंग्रजीतून शिकू लागलेली असतात. वाचन त्यांना जमत नाही असे मुळीच नाही. गाडी अडते ती व्यक्तिरेखेवरचा प्रश्न आला की, कारण मग वहीत विशेषणांची रांग लागते: एलिझाबेथ हुशार आणि स्वाभिमानी, डार्सी गर्विष्ठ पण मनाने चांगला, शार्लट व्यवहारी. गाईडांनी लावलेली ही सवय परीक्षेत गुणही मिळवून देते, म्हणून ती सुटता सुटत नाही. आज मला त्यांतल्या ‘व्यवहारी’ या एकाच शब्दाबद्दल लिहायचे आहे, कारण ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधल्या शार्लट लुकसवर त्या शब्दाने फार अन्याय केला आहे असे मला मनापासून वाटते.

जेन ऑस्टिनची ही कादंबरी 1813 साली प्रसिद्ध झाली. बेनेट कुटुंबाला पाच मुली आहेत (नायिका एलिझाबेथ ही त्यांतली दुसरी), वर्षाला दोन हजार पौंड उत्पन्न देणारी लाँगबोर्नची मालमत्ता आहे, पण ती पुरुष वारसाकडेच जाईल अशी बांधून ठेवलेली आहे. त्यामुळे वडिलांच्या मागे घरासकट सगळे काही कॉलिन्स नावाच्या दूरच्या नातेवाइकाकडे जाणार आहे. हे समजावून सांगत असताना एका मुलीने मध्येच विचारले, “टीचर, पण घर मुलींनाच मिळायला हवं ना? इन्व्हेंटरी केली नाही का त्यांनी?” इन्व्हेंटरी म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेची यादी करून ती वारसांत वाटण्याची आमच्याकडची कायदेशीर प्रक्रिया. या प्रश्नाने मला फार आनंद झाला. गोव्यात वाढलेल्या मुलीला तो पडणे अगदी स्वाभाविक आहे. पोर्तुगीज नागरी कायदा आपल्याकडे 1870 पासून लागू झाला आणि त्यातले वारसाहक्काचे मूळ तत्त्व आजही टिकून आहे: आई-वडिलांना मृत्युपत्राने आपल्या वाट्याचा अर्धाच भाग मनाप्रमाणे देता येतो आणि उरलेल्या अर्ध्यावर मुलगे-मुली दोघांचाही सारखाच हक्क असतो. लाँगबोर्नच्या मुलींना असा कोणताच आधार नव्हता, हे तिच्या लक्षात आले तेव्हा तिने वहीत काही लिहिले नाही, ती थोडा वेळ नुसतीच पुस्तकाकडे बघत राहिली. मग दुसरी एक मुलगी हळूच म्हणाली, की लग्न झालेल्या बहिणी भावासाठी हक्क सोडल्याच्या कागदावर सही करतात, हे तर आमच्याही घरात झाले आहे. त्या संध्याकाळी ‘मालमत्ता आणि स्त्री’ हा विषय मला वेगळा शिकवावा लागला नाही.

आता शार्लट, एलिझाबेथची जवळची मैत्रीण. ती 27 वर्षांची आहे, दिसायला साधी आहे आणि तिला हुंडा म्हणून देण्यासारखे घरात फारसे काही नाही. कॉलिन्स आधी एलिझाबेथला मागणी घालतो, ती नकार देते, आणि तीन दिवसांच्या आत तोच शार्लटला विचारतो. ती होकार देते. तिच्या घरच्यांच्या प्रतिक्रिया ऑस्टिनने मोजक्या ओळींत दिल्या आहेत, आणि त्या मी मुलांकडून मोठ्याने वाचून घेते: आई लगेच मिस्टर बेनेट अजून किती वर्षे जगतील याचा हिशेब मांडू लागते, धाकट्या बहिणींना समाजात वावरायची परवानगी एक-दोन वर्षे आधी मिळेल अशी आशा वाटते, आणि बहीण बिनलग्नाची राहून आपल्या गळ्यात पडेल ही भावांची भीती संपते. एवढे वाचल्यावर शार्लटला व्यवहारी म्हणायचे की तिच्याभोवतीच्या सगळ्यांना, हा प्रश्न मुले स्वतःच विचारतात.

माझी एक अट असते. पहिल्या मसुद्यात विशेषण लिहायचे नाही. पात्राने काय केले ते क्रियापदांत सांगायचे, आणि तेही आधी मराठीत. ही अट शार्लटच्या बाबतीत विशेष उपयोगी पडते, कारण तिचे सगळे म्हणणे तिच्या कृतींत आहे. एलिझाबेथ केंट परगण्यात तिच्या नव्या संसाराला भेट देते तेव्हा तिला एका गोष्टीचे नवल वाटते. घरात जेवणाची खोली अधिक ऐसपैस आणि छान आहे, तरी शार्लट रोजच्या बसण्याउठण्यासाठी मागच्या बाजूची खोली वापरते. कॉलिन्सची वाचनाची खोली रस्त्याकडे तोंड करून आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या पाहण्यात तो रमून जातो. बायका बसतात ती खोलीही तितकीच प्रसन्न असती, तर तो आपल्या खोलीत इतका वेळ थांबला नसता. शार्लट त्याला बागकामालाही आग्रहाने प्रोत्साहन देते आणि त्या व्यायामाने प्रकृती किती चांगली राहते हे चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगते. दिवसाचे काही तास स्वतःला मिळावेत म्हणून एका बाईने घरातली चांगली खोली सोडून दिली आहे. याला कोणते विशेषण लावायचे हे मला अजूनही ठरवता आलेले नाही.

यापुढचा टप्पा मुलांना कठीण जातो, पण तो वगळून चालत नाही. ही मागची खोली आपल्याला दिसते ती एलिझाबेथच्या नजरेतून. शार्लटची कीव येते ती एलिझाबेथला, आणि मैत्रिणीने स्वतःला कमी लेखले असे वाटते तेही तिलाच. पण हीच एलिझाबेथ विकम या गोडबोल्या लष्करी अधिकाऱ्यावर भाबडेपणाने विश्वास ठेवते आणि डार्सीला पहिल्याच भेटीत निकालात काढते. तिचे अंदाज चुकतात हाच तर कथानकाचा कणा आहे. मग शार्लटविषयीचा तिचा निवाडा तेवढा जसाच्या तसा उचलून आपण उत्तरपत्रिकेत का लिहावा? या नायिकेवर माझा फार जीव आहे, तरीही इथे तिने घाई केली असे मला वाटते. हे माझे मत आहे, ते मुलांनी स्वीकारलेच पाहिजे असे नाही. पण विरोध करायचा तर पुस्तकातला प्रसंग काढून दाखवावा लागतो.

इन्व्हेंटरीचा प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीने आपले उत्तर पुन्हा लिहून आणले. आधीच्या उत्तरात तिचे पहिले वाक्य ‘विवाह हा या कादंबरीचा मुख्य विषय आहे’ असे होते. नव्या उत्तराची सुरुवात तिने लाँगबोर्नच्या कागदपत्रांपासून केली, तिथून ती लुकसांच्या घरातल्या हिशेबाकडे आली आणि शेवटी मागच्या खोलीच्या दारात थांबली. विवाह हा शब्द तिला चौथ्या परिच्छेदापर्यंत लागलाच नव्हता.

येत्या रविवारी आम्ही डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ काढणार आहोत. लंडनमध्ये पिप या नायकाला भेटायला आलेला ‘जो’ नावाचा लोहार आपली टोपी अंड्यांचे घरटे धरावे तशी दोन्ही हातांनी सांभाळतो, मग ती शेकोटीवरच्या फळीच्या टोकाला ठेवतो, आणि ती पुन्हा पुन्हा खाली पडत राहते. ज्या पोराला त्याने अंगाखांद्यावर खेळवले, त्याला तो मधूनच ‘सर’ म्हणू लागतो. ते प्रकरण घरी वाचून या, आणि टोपी किती वेळा पडते तेवढे मोजून ठेवा, असे मी मुलांना सांगितले आहे.