दोन भुवयांमधली आठी : माझा अनुभव

फळ्याकडून वळले की पहिल्या बाकावरची पोरगी हमखास विचारायची, "मॅडम, रागावलात का?" मी रागावलेली नसायचे. भुवयांच्या मधोमध दोन उभ्या आठ्या तेवढ्या कायमच्या बसल्या होत्या. परभणीच्या उन्हात पंचवीस वर्षं डोळे बारीक करून स्कूटी चालवली, त्याची खूण. ते "रागावलात का" मला लागायचं. सत्तेचाळिसाव्या वर्षी ठरवलं, एकदा दाखवून तर येऊ.

आठ्या सैल करणारी बोटॉक्सची सुई असते हे ऐकून होते, म्हणून आधी जवळच्या एका पार्लरमध्ये विचारलं. "बोटॉक्स आहे की आमच्याकडे," म्हणाल्या. ते केसांना लावायचं क्रीम निघालं. या सुईशी त्याचा काही संबंध नाही. चेहऱ्याचं कोण करतं विचारलं तर, "एक मुलगी येते महिन्यातून." मी तिथून उठले आणि संभाजीनगरला त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली.

डॉक्टर मॅडमनी आधी खूप विचारलं. दिवस गेलेत का, अंगावर पाजता का, स्नायूंचा काही आजार, रक्त पातळ करणारी गोळी, सध्या कुठलं अँटिबायोटिक? मग म्हणाल्या, "आठ्या घाला. आता सोडा." आरसा हातात देऊन त्यांनी स्पष्ट सांगितलं: कपाळ आक्रसल्यावर पडते ती आठी जाईल, चेहरा सैल सोडल्यावरही उरते ती फिकट होईल, पुसली जाणार नाही. हे आधी कळलं म्हणून पुढे निराशा झाली नाही.

बोटॉक्समधलं औषध म्हणजे बोटुलिनम टॉक्सिन. टॉक्सिन म्हणजे विष, म्हणून मी बिचकले. नसेकडून स्नायूला 'आक्रस' असा निरोप नेणारं रसायन ते अडवतं आणि तेवढा स्नायू सैल पडतो. तीन-चार महिन्यांत निरोप पुन्हा पोचू लागतो. अमेरिकेत 1989 मध्ये याला पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी. भुवयांमधल्या आठ्यांसाठी 2002 मध्ये.

कुपी मी मागून बघितली: नाव, मुदत, सील. फ्रीजमधून काढून माझ्यासमोर सलाइनमध्ये मिसळली. पाच ठिकाणी मिळून 20 युनिट. (एका कंपनीचं युनिट दुसरीच्या युनिटाएवढं नसतं, म्हणून नुसत्या आकड्यावरून भाव ठरवू नका.) सुई बारीक, मुंगी चावल्यासारखी, नाकाच्या वरच्या टोचणीला मात्र डोळ्यांत पाणी आलं. दहा मिनिटांत संपलं.

मग सूचना. चार तास आडवं व्हायचं नाही, कपाळ चोळायचं नाही, उन्हाचा स्कार्फ कपाळावर आवळायचा नाही. "आणि आज टिकली नको." सुया नेमक्या टिकलीच्या जागेभोवतीच टोचलेल्या!

परतीच्या गाडीत ताठ बसून आले. दारातच आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, बघितलं. "कपाळ मोकळं कशाला गं?" मी खरं सांगितलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "दुखायलंय का?" तो प्रश्न ऐकून मला रडू आलं.

रात्री डोकं जड होतं, एका जागी निळसर डाग पडला, आठवड्यात गेला. पहिले तीन दिवस काहीच फरक नाही, पैसे पाण्यात गेले असं वाटलं. चौथ्या दिवशी आरशात आठी घालायला गेले तर निम्मीच पडली. चौदाव्या दिवशी पूर्ण परिणाम दिसला; डॉक्टरांनी तेव्हाच पुन्हा बोलावलं होतं. म्हणून घरात लग्न असेल तर महिनाभर आधी करा, हळदीच्या आठवड्यात नको. क्वचित पापणी खाली झुकते, ती सावरायला काही आठवडे लागतात. पण गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर वाट न बघता दवाखाना गाठायचा, हे मला दोनदा बजावलं होतं.

साडेतीन महिन्यांनी आठी हळूहळू परत यायला लागली. पुढची वेळ दहावीच्या परीक्षा आटोपल्यावरची घेतली आहे. आत्याबाई म्हणाल्या, "या वेळी मी येते संगं."