शाई लागली, मनातलं लिहितोय

आज १९ एप्रिल २०२४, लोकसभेचं मतदान. नागपूरचं ऊन ओळखून सकाळी सातलाच केंद्र गाठलं. व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसली, खाली पडली. मत नितीन गडकरींना दिलं.

मी भाजपवाला नाही. याच शहरात काँग्रेसच्या विलास मुत्तेमवारांनाही मत दिलंय. मधला माणूस म्हणून दोन्हीकडून बोलणी खातो, पण मला खरंच पक्षापेक्षा माणूस मोठा वाटतो. गडकरी विरोधकांना शत्रू समजत नाहीत. २०१९च्या फेब्रुवारीत लोकसभेत त्यांच्या कामासाठी सोनिया गांधींनी बाक वाजवला होता. ते दृश्य माझ्या मनातून जात नाही. राजकारणात एवढा ओलावा तरी उरावा. आणि काम दिसतं: मेट्रोच्या दोन्ही मार्गिका पूर्ण आहेत, माझा मुलगा रोज त्यानेच कॉलेजला जातो.

सगळं पटतं असं नाही. त्यांच्या पक्षातल्या काहींची धर्मावरची भाषा मला सोसत नाही. २३ सप्टेंबर २०२३च्या पुरात अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्या बुडाल्या, तेव्हा सिमेंट रस्त्यांच्या उंचीबद्दल पडलेले प्रश्न अजून आहेत. २०२२मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जीव गेले. रस्त्यांचं खातं गडकरींचंच. हे मी त्यांना मत देऊनही विचारणार.

ताईनं काँग्रेसच्या विकास ठाकरेंना दिलं. ते शहराचे महापौर होते, तिची कारणं मी नीट ऐकली. मग दोघांनी कोपऱ्यावर तर्री पोहे खाल्ले, पैसे तिनं दिले.